डागकाकूंची वही

आमच्या रुग्णालयाच्या तळघरातल्या लाँड्रीला दोन दारं आहेत. एकातून मळलेले कपडे आत येतात, दुसऱ्यातून धुतलेले बाहेर जातात, आणि या दोन वाटा एकमेकींना कधी भेटू द्यायच्या नाहीत असा नियम आहे. मळक्या दारापाशी एक लांब लोखंडी टेबल आहे. त्या टेबलापाशी गेली सव्वीस वर्षं एकच बाई उभ्या असतात. हजेरीपटावर त्यांचं नाव आहे, पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना डागकाकू म्हणतात, आणि त्याही फोन उचलला की "डागकाकू बोलतेय" असंच म्हणतात.

मी दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड विभागाचा प्रमुख आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी रुग्णालयातली. औषधातलं मला काही कळत नाही, कागदातलं कळतं. काकूंचं याच्या बरोबर उलटं. त्यांना कागदाचा राग येतो आणि कापडातलं सगळं कळतं.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. वॉर्डातून आलेलं गाठोडं टेबलावर उलगडायचं आणि कपडे वेगळे काढायचे. रक्त लागलेलं थंड पाण्यात, उलटी आणि शौचाचं आधी जंतुनाशकात, औषधांचे पिवळे डाग वेगळ्या साबणात. रक्ताची चादर चुकून गरम पाण्यात गेली तर डाग जन्मभर बसतो. पूर्वी एकदा अशाच एका गाठोड्यातली सुई त्यांच्या जोडीदारणीच्या तळहातात घुसली. गाठोडं कोणत्या खाटेवरचं, हे कुणालाच सांगता येईना. ती बाई सहा महिने रक्त तपासून घेत जीव मुठीत धरून जगली. त्यानंतर काकूंनी आपली वही सुरू केली. तारीख, वॉर्ड, खाट, कपडा, डाग कशाचा, डाग केवढा. केवढा हे नाणं, तळहात किंवा ताटली या मापात. ही वही ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे सांगतोय त्या प्रसंगापर्यंत ती कुणी वाचलीही नव्हती.

मी पहिल्यांदा तळघरात गेलो तेव्हा रुमाल नाकाला लावला होता. काकू म्हणाल्या, "साहेब, नाक धरू नका, नाक वापरा."

आणि त्या खरोखरच वापरतात. एकदा मला म्हणाल्या, "पुरुष वॉर्डातले सात नंबरचे आजोबा बरे होतायत."

"डॉक्टर म्हणाले?"

"चादर म्हणाली. आज तिच्यावर चहा सांडलाय. फार आजारी माणूस चहा सांडत नाही, साहेब. तो पितच नाही."

आजोबा चौथ्या दिवशी घरी गेले.

काकूंना एक मुलगा आहे, आता तिशीचा. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला आहे आणि आईच्या वह्या तोच शिवून देतो. त्याला ऐकू येत नाही. दोन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला आणि त्यानंतर तो हाकेला वळेनासा झाला. काकू तीनदा दवाखान्यात घेऊन गेल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'आई अति काळजी करते. मूल ठीक.' पुढे कानांची तपासणी झाली तोवर वर्ष उलटून गेलं होतं. लवकर कळलं असतं तर मुलगा निदान बोलायला शिकला असता, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो कागद काकूंनी घडी घालून जपून ठेवला आहे. मला एकदाच दाखवला. घडीच्या जागी तो फाटला होता आणि मागून कापडाची पट्टी चिकटवलेली होती.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं जे घडलं ते काकूंना एवढं जड का गेलं, हे त्याशिवाय कळणार नाही. आईचं ऐकायचं, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव ठाम नियम होता.

*

मुलांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर चार वर्षांची एक मुलगी होती. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा दाखल झालेली. पोटात काही ठरत नाही, खाल्लं की उलटी, दोनदा उलटीतून रक्त, वजन वाढत नाही. आधीच्या दोन रुग्णालयांचे कागद धरून तिची फाईल एवढी जाड झाली होती की मी तिला दोन दोऱ्या बांधल्या होत्या. मुलीच्या दोन्ही हातांवर सुयांच्या निळ्या खुणा होत्या. खाटेजवळ कुणीही आलं की ती एकच विचारायची, "तू टोचणारी आहेस का?"

काकू एकदा वॉर्डात चादरींचा गठ्ठा द्यायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनाही विचारलं.

"नाही गं बाळा. मी धुणारी."

"मग बस," मुलगी म्हणाली, आणि खाटेवर सरकून जागा केली.

तिच्या आईबद्दल वॉर्डात वाईट बोलणारं एक माणूस सापडलं नसतं. टापटीप, गोड बोलणारी, शेजारच्या खाटेवरच्या बाळाला औषध पाजायलाही मदत करणारी. सिस्टरांना त्यांच्या मुलांची नावं घेऊन विचारपूस करायची. तपासण्यांची अवघड नावं तिला तोंडपाठ होती. सुई टोचताना बाकीच्या आया तोंड फिरवतात. ही मुलीचा हात धरून ठेवायची आणि "आणखी कुठली तपासणी राहिलीय का?" असं विचारायची. "अशी आई असावी," असं इन्चार्ज सिस्टर माझ्यासमोर म्हणाल्या होत्या.

आणि ती तळघरात यायची. सव्वीस वर्षांत पेशंटचं कुणी माणूस लाँड्रीत आलं नव्हतं. ही आई मात्र चादर स्वतः घडी करून आणून द्यायची आणि टेबलाशी दोन मिनिटं उभी राहायची. काकूंच्या मुलाबद्दल कळल्यावर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, "काकू, आपलं कुणी ऐकत नाही हो. आईलाच कळतं." त्या दिवशी काकू घरी जाऊन मुलाला खाणाखुणा करून सांगत बसल्या, आज मला माझ्यासारखी एक भेटली.

एका सोमवारी सकाळी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर कधी येत नाहीत. हात एप्रनला पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

"साहेब, ऑपरेशन थिएटरमधून कपड्यांची यादी आली. गुरुवारी नऊ नंबरच्या मुलीचं ऑपरेशन आहे. पोटाला भोक पाडून नळी घालणार."

"हो. सारांश कालच टाईप झालाय."

"त्यात उलट्या किती लिहिल्यात?"

मी फाईल काढली. "नऊ दिवसांत तेवीस. दोनदा रक्त."

काकूंनी काखेतली वही काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि बोटाने नऊ नंबरच्या ओळी दाखवत गेल्या. घाम. घाम. लघवी, ताटलीएवढी. काही नाही. दूध, तळहात. घाम. काही नाही. दूध, ताटली. लाळेरं, त्यावर रक्त.

"तेवीस उलट्या गेल्या कुठे, साहेब?"

"ट्रेमध्ये. आई हुशार आहे, वेळेवर ट्रे धरत असेल. नाहीतर बाथरूममध्ये नेत असेल."

"यादी आल्यापासून मीही स्वतःला हेच सांगतेय." त्यांनी पान उलटलं. "हा दहा नंबरचा पोरगा. एका दिवसात पाच उलट्या. चार चादरी, दोन उशांचे अभ्रे, सिस्टरचा एप्रन, पडद्याचं टोक. चार वर्षांचं पोर तेवीस वेळा ओकतं आणि एकदाही चादरीवर शिंतोडा नाही? आणि हे दूध बघा. ओकलेल्या दुधाला आंबट वास येतो, गाठी असतात. हे कपातून ओतलेलं दूध होतं. मी हुंगलंय."

"आणि रक्त?"

"तीन थेंब. गोल. वरून पडलेले. त्यात ना लाळ, ना दूध, ना कफ. ओकलेलं रक्त असं एकटं येत नाही."

"ते लाळेरं कुठे आहे?"

काकूंचा चेहरा पडला. "धुतलं."

"धुतलं?"

"माझं कामच ते आहे, साहेब. थंड पाण्यात भिजवलं, डाग गेला, इस्त्री होऊन वर गेलं. अगदी स्वच्छ निघालं." त्या खुर्चीवर टेकल्या. "त्या वेळी मनात काही नव्हतंच हो. थिएटरची यादी हातात आली आणि घाम फुटला."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला.

"माझं चुकलं असेल तर?" त्या म्हणाल्या. "ती पोरगी खरंच ओकत असेल, आणि माझ्यासारख्या धुणारणीच्या सांगण्यावरून डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, तुम्ही अति काळजी करता. तर मी कोण झाले?"

"आणि चुकलं नसेल तर?"

"तर गुरुवारी त्या पोरीच्या पोटाला भोक पडेल." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणून वर आले. झोप नाही मला."

*

काकू गेल्यावर मी वॉर्डातली नर्सेसची कच्ची वही मागवली. सारांश आमच्याकडे या कच्च्या वहीवरून होतो. ती उघडून मी नऊ नंबरच्या उलट्या एकेक करून मोजल्या. तेवीसच होत्या, त्यात चूक नव्हती. पण जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या समासात बारीक अक्षरात 'आ. सां.' असं होतं. आईने सांगितले. तेवीसपैकी बावीस ठिकाणी. तेविसाव्या ठिकाणी एका शिकाऊ सिस्टरने लिहिलं होतं, 'ट्रेमध्ये पांढरे पाणी दिसले.' उलटी होताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. मधल्या एका दिवशी आईला ताप आला म्हणून ती घरी गेली होती आणि मावशी बसली होती. त्या दिवसापुढे शून्य.

मग आमच्या सारांशात हे का नव्हतं? त्याचं उत्तर मला कच्ची वही न उघडताही ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी सारांशाचा छापील नमुना मी केला. जुन्या नमुन्यात 'कोणी पाहिले' असा एक रकाना होता. त्याच्यामुळे सारांश दुसऱ्या पानावर जायचा. मला तो एका पानात बसवायचा होता. मी तो रकाना काढला आणि वरिष्ठांनी सुटसुटीतपणाबद्दल माझं कौतुक केलं. त्या दिवसापासून आईने सांगितलेली उलटी आमच्या कागदावर येताना रुग्णालयाने पाहिलेली उलटी होऊ लागली. आणि पुढचे डॉक्टर, पुढचं रुग्णालय, सगळे तो कागद खरा धरून चालत होते. नोंदीमागे पुरावा हवा, हे मला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

मुलांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्या मंगळवारी सकाळी भेटल्या. मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. काकू दाराशीच उभ्या होत्या, बसायला सांगितलं तरी बसेनात.

मॅडमनी बराच वेळ वाचलं. मग मान वर न करता विचारलं, "काकू, तुम्ही त्या आईवर आरोप करताय?"

"नाही मॅडम. मी चादरींबद्दल सांगतेय."

"छान. तसंच राहू द्या. कुणी विचारलं तरी एवढंच सांगायचं." त्यांनी चष्मा काढला. त्या एकदम थकलेल्या दिसल्या. "पोराचं दुखणं आईच बघते, म्हणून आम्ही आईच्या सांगण्यावर चालतो. जवळजवळ नेहमी ते खरंच असतं. पण कधी कधी सांगणंच बनवलेलं असतं. तपासणीत काही सापडत नाही, म्हणून आणखी मोठी तपासणी. तीही चांगली येते, म्हणून त्याहून मोठी. या पोरीचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, साहेब. मी ते वाचून 'अवघड केस' म्हणत राहिले."

"पण आई असं का करेल हो?" काकूंनी विचारलं.

"आईला काय झालंय तो नंतरचा प्रश्न, आणि तो बघणारे डॉक्टर वेगळे. मुलीला काय होतंय, हा आजचा. आणि एक सांगू? त्या आईने पोरीला एकही सुई टोचलेली नाही. सगळ्या आम्ही टोचल्यात."

बाहेर ट्रॉलीचं एक चाक किरकिरत गेलं.

मॅडमनी आधीच्या दोन रुग्णालयांत फोन केले. तिथेही उलट्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या, आणि दोन्हीकडून, डॉक्टर खोलात विचारू लागताच, मुलीला आईनेच काढून नेलं होतं. त्यांनी बालसंरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं, समाजसेविकेला बोलावलं. आईबापांना सांगितलं की गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकलून आधी तीन दिवस पाहणी करायची आहे. मुलीला प्रत्येक घास सिस्टर भरवेल, बाहेरचं काही द्यायचं नाही, जेवणाच्या वेळी आणि नंतर तासभर आईने बाहेर बसायचं. उलटी झाली तर सिस्टरने स्वतः पाहून लिहायचं. बाप फिरतीच्या नोकरीवर होता, तो फोनवरच "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला. आईने हसून मान डोलावली.

त्या दिवशी मुलीने अर्धी वाटी सूप आणि एक बिस्किट खाल्लं. उलटी नाही. इन्चार्ज सिस्टर जिन्यात भेटल्या तर माझ्याकडे न बघताच गेल्या. "अशी आई असावी," हे त्यांचंच वाक्य होतं, आणि ते त्यांना टोचत असणार.

*

बुधवारी साडेअकराला ती आई माझ्या खिडकीशी आली. केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी, आवाज शांत.

"भाऊ, मला डिस्चार्जचे कागद हवेत. इथे मुलीला माझ्याशिवाय ठेवतात, ती रडून रडून अर्धी झालीय. दुसरीकडे बोलणं झालंय. ते शुक्रवारी ऑपरेशन करायला तयार आहेत. फक्त तुमचा सारांश मागितलाय."

तो सारांश माझ्या उजव्या हाताशी होता. एक पान, सुटसुटीत. नऊ दिवसांत तेवीस उलट्या, दोनदा रक्त. खाली सहीची जागा. तो कागद पाहून कुठल्याही सर्जनने सुरी हातात घेतली असती.

"मॅडमची सही राहिलीय," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मग मी मुलीला घेऊन खाली थांबते. तुम्ही सही घेऊन या. मुलीचं पिवळं पांघरूण तेवढं लाँड्रीत गेलंय चुकून, ते आणते. त्याच्याशिवाय ती हलणार नाही."

ती जिन्याकडे वळली आणि मी फोन उचलला. मॅडम म्हणाल्या, "अधिकारी निघाल्यात, हातात मुलीला इथेच ठेवायचा आदेश आहे. चाळीस मिनिटं लागतील. तो येईपर्यंत तिने पोरीला उचललं तर मला कायद्याने अडवता येणार नाही." मी तळघरात फोन लावला.

"डागकाकू बोलतेय."

"ती पांघरूण मागायला येतेय. चाळीस मिनिटं."

पलीकडे मशीनचा घरघराट ऐकू आला. "बरं," एवढंच काकू म्हणाल्या.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. पिवळं पांघरूण धुऊन, वाळून, घडी होऊन शेल्फवर ठेवलेलं होतं. फोन ठेवून त्यांनी ते उचललं आणि कोरडंच वाळवणीच्या मशीनमध्ये टाकून बटण दाबलं. ती आत आली तेव्हा मशीन फिरत होतं.

"ओलं आहे अजून," काकू म्हणाल्या. "जरा थांबावं लागेल."

"ओलंच द्या ना काकू."

"ओलं देऊन पोरीला सर्दी करू? तोवर ह्या चादरींना हात लाव. दोघींनी मोठी चादर पटकन होते."

तिने हात लावला. एक टोक हिच्या हातात, एक काकूंच्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. पुन्हा जवळ. काकू म्हणतात, ती घड्या सुरेख घालत होती, कड कडेला लावून. प्रत्येक घडीला दोघींची बोटं एकमेकींना लागत होती. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होत्या, आणि हाताला सुटलेला घाम धुतलेल्या कापडाला लागू नये म्हणून चादर बोटांच्या टोकांनी धरत होत्या. अकराव्या का बाराव्या चादरीला ती म्हणाली, "काकू, इथे सगळे माझ्याकडे कसे बघायला लागलेत. तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे ना? तुम्हाला माहितीय, आईचं कुणी ऐकत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? त्याच वाक्यावर तर मी इतकी वर्षं काढलीत, साहेब. म्हटलं, तुझं ऐकणारं माणूस मिळेल तुला, बाई. ही कड धर."

एकतीस चादरी झाल्या. मशीन थांबलं, काकूंनी दार उघडून हात आत घातला, "अजून दमट आहे" म्हणून पुन्हा सुरू केलं. ते पांघरूण आत एवढं तापलं होतं की हात भाजला. आईने पिशवी खांद्यावर घेतली. "राहू द्या," ती म्हणाली, "मी तशीच नेते पोरीला." आणि ती दाराकडे गेली.

दारात समाजसेविका आणि अधिकारी उभ्या होत्या.

आरडाओरडा झाला नाही. ती आदेशाचा कागद उभ्याउभ्या वाचत होती. मग तिने वळून काकूंकडे बघितलं, आणि मशीनकडे. "ते वाळलेलंच होतं," ती म्हणाली.

काकूंनी खाली बघितलं.

*

पुढच्या तीन दिवसांत मुलीला एकही उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिने उकडलेला बटाटा मागून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर भरवायला बसली तेव्हा मुलीने तोंड उघडण्याआधी विचारलं, "मी आज आजारी आहे का?"

"तुला काय वाटतं?" सिस्टर म्हणाली.

"मला माहीत नाही. आई सांगते."

सिस्टरने ते शब्द जसेच्या तसे कच्च्या वहीत लिहिले आणि समासात 'मी ऐकले' असं लिहून सही केली. मॅडमनी ते पान वाचलं आणि ऑपरेशनच्या यादीवरचं तिचं नाव खोडलं.

बाप आला. पहिल्या दिवशी त्याने मला, मॅडमना आणि भिंतींना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या त्याला दाखवल्या, तेव्हा तो 'काही नाही, काही नाही' अशा ओळींवरून बोट फिरवत राहिला. "मी घरी नसायचो हो," असं तो जाईपर्यंत म्हणत होता. कोर्टाने मुलीला तिच्या आत्याकडे ठेवलं. आईवर उपचार सुरू झाले आणि मुलीला भेटायचं तर दुसऱ्या माणसादेखत, असं ठरलं. तिने असं का केलं, हे मला माहीत नाही. मॅडमनाही पुरतं माहीत नसावं.

काकूंचं म्हणाल तर त्यांना कुणी शाबासकी दिली की त्या चिडायच्या. "कसली शाबासकी? तिच्याकडून एकतीस घड्या घालून घेतल्या मी आणि तोंडावर खोटं बोलले. पोरगी वाचली ते बरं झालं. पण ती बाई माझ्याशी गोड बोलायची ते सगळं नाटक नव्हतं, साहेब. मला कळतं तेवढं." बरेच दिवस त्यांचं हसणं बंद होतं. एकदा त्यांच्या मुलाने मला चिठ्ठी लिहून विचारलं, 'आई घरी चादरींच्या घड्या घालत नाही. मला घालायला लावते. काय झालं?' मी त्याला चार ओळींचं उत्तर लिहिलं. जेवढं मला दिसलं होतं तेवढंच.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना मी सारांशाचा नमुना पुन्हा केला. 'कोणी पाहिले' हा रकाना परत घातला. सारांश आता दोन पानी झाला आहे आणि वरिष्ठांची त्यावर तक्रार आहे. छापायला देण्याआधी मी नमुना घेऊन तळघरात गेलो. काकूंनी हात पुसून तो दोन्ही बाजूंनी बघितला.

"म्हणजे कुणी पाहिलं नाही, नुसतं आईने सांगितलं, तर ते काय करणार? गाळणार?"

"नाही. म्हणजे... पुरावा नाही असं धरणार."

"गाळू नका. तेही लिहा. आईने सांगितलं, अजून कुणी पाहिलं नाही, पाहायचं राहिलंय. असं लिहा." कागद माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी पाहायलाच आलं नव्हतं."

मग मी आणखी एक रकाना घातला. 'पाहायचे राहिले.'

आत्याकडे गेल्यानंतर तीन महिन्यांनी मुलगी तिच्याबरोबर वजन करायला आली. दोन किलो वाढलं होतं. आत्या तिला घेऊन तळघराच्या दाराशी आली, कारण पोरीने लिफ्टमध्ये हट्टच धरला होता की धुणारीला भेटायचं. मी काही कागदांसाठी तिथेच होतो. मुलीच्या फ्रॉकवर छातीपासून खालपर्यंत एक लांबलचक ओघळ होता. आत्या ओशाळून म्हणाली, "येता येता गाडीत सूप सांडवलं हो. ऐकतच नाही, आपल्या हातानेच प्यायचं म्हणते."

काकू खाली वाकल्या. सवयीने फ्रॉकचं टोक बोटांत धरलं आणि हुंगलं.

"टोमॅटो," त्या म्हणाल्या. "ताटलीएवढा."

वही टेबलावर उघडी होती. पण तिच्यात त्यांनी काही लिहिलं नाही.